उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचा विद्यार्थी संगणकशास्त्र हा विषय निवडतो तेव्हा तो केवळ एक विषय घेत नाही, तर दोन विषय सोडतो. द्विलक्षी अभ्यासक्रमाच्या रचनेनुसार २०० गुणांचे संगणकशास्त्र हे दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय या दोहोंची जागा घेते. व्यवहारात ही दुसरी भाषा बहुधा मराठी असते. याचा अर्थ असा की, राज्यात संगणकाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा मराठीशी असलेला औपचारिक शैक्षणिक संबंध वयाच्या सोळाव्या वर्षी संपुष्टात येतो. मोठ्या शहरांत या घटनेची फारशी दखल घेतली जात नाही. परंतु ज्या प्रदेशात विद्यार्थी गोंडी किंवा माडिया भाषेतून मराठीकडे आणि मराठीतून इंग्रजीकडे वळलेला असतो, त्या प्रदेशात हा प्रश्न गंभीर रूप धारण करतो.

संगणकशास्त्राच्या या अभ्यासक्रमावर आजवर जी टीका झाली, तिचा भर मुख्यत्वे ‘अभ्यासक्रम कालबाह्य आहे’ या एका मुद्द्यावर राहिला. ही टीका असत्य नाही. मात्र ती अपुरी आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात पाहिले असता असे दिसते की, अभ्यासक्रमातील सर्वांत जुना मानला जाणारा भाग हाच कदाचित येथे सर्वाधिक उपयुक्त आहे आणि खरा दोष आशयाच्या वयात नसून भाषा, मूल्यमापन व परिसर यांच्याशी त्याने तोडलेल्या नात्यात आहे. या प्रतिपादनाची तपासणी पुढील विवेचनात केली आहे.

अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी व रचना

कोठारी आयोगाने (१९६४-६६) उच्च माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायाभिमुखतेचा आग्रह धरला. महाराष्ट्रात १०+२ हा आकृतिबंध १९७० च्या दशकात अमलात आल्यानंतर या विचारातूनच द्विलक्षी अभ्यासक्रम उभे राहिले. ‘द्विलक्षी’ या संज्ञेतच त्यांचा हेतू स्पष्ट आहे. एक लक्ष्य रोजगार, तर दुसरे उच्च शिक्षण. इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत उपकरणांची देखभाल, पीकशास्त्र, पशुशास्त्र व दुग्धव्यवसाय, गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय, बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन हे विषय याच कुटुंबातील होत. संगणकशास्त्र हे त्या कुटुंबातील पुढे आलेले व सर्वाधिक प्रतिष्ठा पावलेले अपत्य म्हणावे लागेल.

दीर्घकाळ राबविण्यात आलेल्या या अभ्यासक्रमाचे बारावीच्या स्तरावर दोन भाग आहेत. पहिल्या प्रश्नपत्रिकेत ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++ भाषेतील आज्ञावली लेखन व एचटीएमएल यांचा समावेश होतो. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची रचना, त्याचा आज्ञासंच व त्यावरील आज्ञावली, इंटेलच्या एक्स-८६ कुळाचा परिचय, ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर व संगणकीय जाळ्यांचे तंत्रज्ञान हे घटक येतात. प्रत्येक प्रश्नपत्रिका ५० गुणांची असून तितक्याच गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा तिला जोडलेली आहे. म्हणजेच एकूण गुणांपैकी निम्मे गुण प्रात्यक्षिकाच्या आधारे मिळतात. विज्ञान शाखेतील भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र या विषयांच्या तुलनेत प्रात्यक्षिकाला दिलेले हे वजन लक्षणीय आहे. कागदावर ही रचना पुरोगामी वाटते; प्रत्यक्षात तिचे काय होते, हे पुढे पाहावयाचे आहे.

‘कालबाह्य’ आशय : ८०८५ चा पुनर्विचार

८०८५ हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर इंटेल कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणला. बारावीत तो शिकणारा आजचा विद्यार्थी स्वतःच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या यंत्राचा अभ्यास करीत असतो. एवढ्याच कारणास्तव तो भाग वगळावा, असे अनेकदा सुचविले जाते.

परंतु शास्त्राचे शिक्षण व बाजारातील वस्तूचा परिचय या दोन भिन्न गोष्टी आहेत. ८०८५ मध्ये सोळा पत्तावाहिन्या आहेत. त्यामुळे तो २ चा सोळावा घात म्हणजे ६५,५३६ स्मृतिस्थानांपर्यंत पोहोचू शकतो. अॅक्युम्युलेटरखेरीज बी, सी, डी, ई, एच व एल ही सहा रजिस्टरे, पाच फ्लॅग, एक प्रोग्रॅम काउंटर व एक स्टॅक पॉइंटर एवढ्या मोजक्या घटकांत त्याचे अंतरंग विद्यार्थ्यासमोर पूर्णपणे उलगडता येते. आधुनिक प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्याचे अंतरंग बारावीच्या विद्यार्थ्याला समग्र दाखविणे अशक्य आहे. यंत्र आज्ञा कशी उचलते, तिचा अर्थ कसा लावते व ती कशी पार पाडते, हे समजण्यासाठी लहान व संपूर्ण यंत्र हे मोठ्या व अपूर्ण कळलेल्या यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरते.

पाच व तीन यांची बेरीज करण्याचे उदाहरण घ्यावे. प्रशिक्षण संचाच्या कळफलकावर विद्यार्थी ३ई, ०५, सी६, ०३ व ७६ अशा पाच नोंदी करतो. पहिली नोंद ‘अॅक्युम्युलेटरमध्ये पुढील संख्या ठेव’ असे सांगते, तिसरी ‘पुढील संख्या तीत मिळव’ असे सांगते, शेवटची थांबण्याची आज्ञा देते. ‘०५’ ही संख्या आहे व ‘३ई’ ही आज्ञा आहे, मात्र स्मृतीच्या दृष्टीने दोन्हींचे स्वरूप एकच आहे. आज्ञा व माहिती एकाच स्मृतीत, एकाच रूपात राहतात, हे आधुनिक संगणकाचे मूलतत्त्व या पाच नोंदींतून जितक्या स्पष्टपणे प्रकट होते, तितके ते अन्य कोणत्याही साधनातून क्वचितच प्रकट होते.

प्रादेशिक वास्तवाचा विचार करता या संचाचे आणखी एक वैशिष्ट्य नजरेत भरते. त्याला इंटरनेट लागत नाही, परवाना लागत नाही, वेगवान संगणक लागत नाही. पाच व्होल्टचा विद्युतपुरवठा पुरेसा होतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा इंटरनेटवर विसंबलेली कोणतीही अध्यापन योजना कोलमडते. हा संच मात्र चालू राहू शकतो. वीज गेली तर त्यातील आज्ञावली पुसली जाते, ही अडचण खरी. पण अस्थायी स्मृती म्हणजे काय, हे त्यातूनच विद्यार्थ्याला कळू शकते. तात्पर्य, ८०८५ वगळण्याची मागणी ही साधनसंपन्न शहरी प्रयोगशाळेच्या दृष्टिकोनातून केलेली मागणी आहे. या यंत्रावर बाराव्या इयत्तेत काय विचारले जाते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

सी++ आणि जुन्या साधनाची सवय

याउलट सी++ च्या अध्यापनाबाबतचा आक्षेप अधिक सबळ आहे. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या या भाषेला सी++ हे नाव १९८३ मध्ये मिळाले व १९९८ मध्ये तिचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले. तथापि, कनिष्ठ महाविद्यालयांतून ती दीर्घकाळ ज्या टर्बो सी++ या साधनावर शिकविली गेली, ते बोरलँड कंपनीचे साधन १९९० चे, म्हणजे प्रमाणीकरणापूर्वीचे आहे. परिणामी विद्यार्थी ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ ही जुनी शीर्षसंचिका व ‘व्हॉइड मेन’ ही अप्रमाणित सुरुवात पाठ करतो. आधुनिक कंपायलर या दोन्ही गोष्टी नाकारतात. पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतल्यावर त्याने बारावीत पूर्ण गुण मिळविलेली आज्ञावली चालतच नाही, असा अनुभव त्याला येऊ शकतो. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर टर्बो सी++ थेट चालत नसल्याने जुन्या डॉसचे अनुकरण करणारी वेगळी प्रणाली त्यासाठी बसवावी लागते. जुने यंत्र शिकविण्यामागे शैक्षणिक समर्थन आहे. जुने साधन जपण्यामागे केवळ सवय आहे. या दोहोंत भेद न केल्यामुळे अभ्यासक्रमावरील चर्चा दिशाहीन झाली आहे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने गेल्या दशकाच्या अखेरीस आपल्या संगणकशास्त्र विषयातून सी++ बाजूला सारून पायथनचा स्वीकार केला. पायथन विनाशुल्क उपलब्ध आहे व साध्या संगणकावरही चालते. राज्य मंडळाला हा मार्ग खुला होता व आहे.

भाषेचा प्रश्न : सोडलेली मराठी व अनुपस्थित गोंडी

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या भाषिक अटीचा परिणाम दुहेरी आहे. एकीकडे विद्यार्थी मराठीचा अभ्यास सोडतो. दुसरीकडे ज्या विषयासाठी तो ती सोडतो, त्या विषयात मराठीला स्थान नसते. विज्ञान शाखेचे अध्यापन, पुस्तके व परीक्षा प्रामुख्याने इंग्रजीतून होतात. भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ‘संगणक’ हा शब्द समाजात पूर्णपणे रुळला. परंतु वर्गात शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीतून त्याचे स्पष्टीकरण करतो आणि विद्यार्थी इंग्रजी वाक्य पाठ करून लिहितो, अशी त्रिस्तरीय प्रक्रिया घडते. समजण्याची भाषा व गुण मिळविण्याची भाषा यांची ही फारकत पाठांतराला आपोआप उत्तेजन देते.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या १०,७२,९४२ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के, तर चंद्रपूर जिल्ह्यात ते १७.७ टक्के होते. गोंडी व माडिया यांखेरीज सिरोंचा परिसरात तेलुगू, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील निर्वासित वसाहतींत बंगाली, कोरचीच्या बाजूस छत्तीसगढी आणि धानपट्ट्यात झाडीबोली अशी येथील भाषिक रचना आहे. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही आधीच शाळेत संपादन केलेली भाषा असते. दहा वर्षांच्या परिश्रमाने मिळविलेली ती भाषा संगणकाच्या दारात सोडून द्यावी लागते.

या संदर्भात एक तांत्रिक बाब विचारार्ह आहे. टर्बो सी++ मध्ये विद्यार्थ्याला पडद्यावर स्वतःचे नाव देवनागरीत सरळपणे उमटविता येत नाही, कारण ते साधन एका बाइटात मावणाऱ्या अक्षरसंकेतांवर आधारलेले आहे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. २०१७ मध्ये मसराम गोंडी लिपीचा व २०१८ मध्ये गुंजाला गोंडी लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाला. ज्या गुंजाला गावावरून दुसऱ्या लिपीला नाव मिळाले, ते गाव चंद्रपूर जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात आहे. म्हणजे या प्रदेशाच्या भाषेचा जागतिक संगणकीय प्रमाणकात प्रवेश झाला. परंतु त्याच प्रदेशातील बारावीच्या संगणकशास्त्रात, वर नमूद केलेल्या घटकांत, युनिकोडला स्वतंत्र स्थान नाही. केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या अभ्यासक्रमात मात्र आस्की, इस्की व युनिकोड हे तिन्ही अक्षरसंकेत समाविष्ट आहेत. अक्षराचे अंकात रूपांतर कसे होते, हा संगणकशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे आणि बहुभाषिक समाजात तो केवळ तांत्रिक राहत नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत लिहिण्याची मुभा आहे. तेव्हा स्वभाषेतून आज्ञावली लेखनाचा आरंभ करण्यास आता तांत्रिक अडसर उरलेला नाही. अडसर आहे तो अभ्यासक्रमाच्या दृष्टिकोनाचा.

डेटा स्ट्रक्चर आणि परिसरातील ज्ञान

डेटा स्ट्रक्चर हा या अभ्यासक्रमाचा वैचारिक गाभा होय. अॅरे, शोध व क्रमवारीच्या पद्धती, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट व ट्री या संकल्पना कोणत्याही यंत्रावर वा भाषेवर अवलंबून नाहीत व म्हणूनच त्या कालबाह्य होत नाहीत. तथापि, विद्यार्थ्याला त्या बहुधा विशिष्ट चिन्हांत लिहिलेल्या पायऱ्यांच्या रूपात भेटतात व त्याच चिन्हांत पाठ केल्या जातात.

वस्तुतः या संकल्पनांची बीजे परिसरातच आहेत. कापणीनंतर धानाचे पुंजणे रचताना जी पेंढी शेवटी वर ठेवली जाते, तीच मळणीच्या वेळी प्रथम काढली जाते. स्टॅक याहून वेगळा नाही. आधारभूत धान खरेदी केंद्रावर जो शेतकरी आधी नंबर लावतो, त्याचे धान आधी मोजले जाणे अपेक्षित असते. हा क्यू होय. त्या क्रमाला डावलून कोणाचे माप आधी झाले तर गावकरी जो आक्षेप घेतात, तो एका नियमाच्या उल्लंघनावरील आक्षेप असतो. गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे व सात देवे अशी विभागणी असून प्रत्येक विभागात अनेक कुळे येतात आणि समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. ही रचना ट्रीच्या रूपाने मांडता येते व सोयरिकीचा नियम एका साध्या अटीच्या रूपाने लिहिता येतो. अशी उदाहरणे घेतल्याने विषय सोपा होतो, एवढाच त्यांचा लाभ नाही. संगणकशास्त्र हे नियमबद्ध विचाराचे शास्त्र आहे आणि नियमबद्ध विचार आपल्या समाजात पूर्वीपासून आहे, याची जाणीव विद्यार्थ्याला होणे हा त्याहून मोठा लाभ होय.

याच दिशेने एक पाऊल पुढे जाता येते. पंचायत क्षेत्र विस्तार अधिनियम (१९९६) व वनहक्क अधिनियम (२००६) यांमुळे गौण वनउपजांवरील ग्रामसभांचा अधिकार मान्य झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व पुढे अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता यांचे व्यवहार स्वतः करू लागल्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात प्रत्येक कुटुंबाने रोज किती पुडे आणले, दर काय, देय रक्कम किती, याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद म्हणजे प्रत्यक्ष जीवनातील माहितीचा अॅरेच आहे. एका ग्रामसभेच्या यादीत १,००० नावे असतील तर एकेक नाव पाहत जाणाऱ्यास १,००० वेळा तुलना करावी लागू शकते; तीच यादी अकारविल्हे लावून द्विभाजन पद्धतीने शोध घेतल्यास अधिकाधिक १० तुलना पुरतात. हे गणित ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावच्या हिशेबात दिसेल, त्याला ते पाठ करावे लागणार नाही. शिवाय हिशेब ठेवण्याची क्षमता गावातच निर्माण झाल्यास कंत्राटदाराच्या वहीवरील अवलंबित्व कमी होते. द्विलक्षी अभ्यासक्रमाचे ‘रोजगार’ हे जे पहिले लक्ष्य होते, त्याचा वनजिल्ह्यातील खरा अर्थ येथे सापडतो.

मूल्यमापन : प्रात्यक्षिकाचे पाठांतर

निम्मे गुण प्रात्यक्षिकाला असणे ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी शक्ती होती. तीच त्याची दुर्बलता ठरली. प्रात्यक्षिकासाठी ठराविक आज्ञावल्यांची यादी प्रचलित होते, त्या वहीत उतरविल्या जातात व परीक्षेत त्यांपैकीच एखादी लिहावयास येते. संख्यांच्या गटातील सर्वांत मोठी संख्या शोधणे, माहितीचा गट एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी हलविणे, बबल सॉर्टने क्रमवारी लावणे या आज्ञावल्या विद्यार्थी कवितेप्रमाणे पाठ करतो. अट किंचित बदलली, सर्वांत मोठीऐवजी दुसऱ्या क्रमांकाची संख्या विचारली, तर तो अडखळतो. प्रात्यक्षिक हे ‘करून पाहणे’ न राहता ‘आठवून लिहिणे’ होते.

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संवादप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. या सर्व ठराविक आज्ञावल्या अशा प्रणाली क्षणार्धात लिहून देतात. त्यामुळे पाठ केलेल्या आज्ञावलीचे बाजारमूल्य शून्यावर आले आहे. दिलेली आज्ञावली वाचून ती काय करते हे सांगणे, तीतील चूक शोधणे, अपरिचित प्रश्नाचे पायऱ्यांत विभाजन करणे या क्षमतांचे मूल्य मात्र वाढले आहे. विद्यमान मूल्यमापन नेमक्या याच क्षमता मोजत नाही.

यात प्रवेश परीक्षांची भर पडते. अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांवर प्रश्न असतात, संगणकशास्त्रावर नसतात. गुणवत्ता यादी त्या परीक्षेवर ठरत असल्याने संगणक अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणकशास्त्र हा ‘गुण देणारा’ विषय म्हणूनच हवा असतो. जीवशास्त्र व मराठी यांचा अभ्यास टाळून मिळणारा वेळ प्रवेश परीक्षेसाठी वापरणे, हे त्याच्या निवडीमागील व्यावहारिक गणित असते. ते गणित विद्यार्थ्याचे नैतिक अपयश नव्हे. व्यवस्थेने मांडलेल्या उदाहरणाचे ते बिनचूक उत्तर आहे.

पर्यायी विषय : माहिती तंत्रज्ञान

द्विलक्षी संगणकशास्त्राबरोबरच राज्यात माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा स्वतंत्र विषय उपलब्ध आहे. तो विज्ञानापुरता मर्यादित नसून कला व वाणिज्य शाखांनाही घेता येतो. २०१९-२० पासून आलेल्या त्याच्या नव्या पाठ्यपुस्तकांत पोस्टग्रेस, जीएनयूखाता यांसारख्या मुक्त प्रणाली, संकेतस्थळ रचना, जावास्क्रिप्ट व पीएचपी यांचा अंतर्भाव करण्यात आला. आशयाच्या ताजेपणात हा विषय निःसंशय सरस आहे. परंतु यंत्र कसे विचार करते या प्रश्नापेक्षा साधन कसे वापरावे या प्रश्नाकडे त्याचा कल अधिक आहे. २००१ मध्ये आरंभ झालेल्या एमएस-सीआयटीने राज्यात संगणक साक्षरतेचा प्रसार केला व तो मराठीतूनही केला, हे तिचे ऐतिहासिक श्रेय आहे. मात्र साक्षरता, तंत्रज्ञान व शास्त्र या तीन पायऱ्या आहेत. वनजिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी पहिल्या दोन पायऱ्यांवर समाधान मानावे व शास्त्राची पायरी नागपूर-पुण्याच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी, असा अर्थ नकळत रूढ होत असेल तर तो स्वीकारार्ह नाही.

प्रादेशिक परिस्थिती व उपलब्धतेचा प्रश्न

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्र व दर चौरस किलोमीटरला सुमारे ७४ इतकी लोकसंख्येची घनता ही दोन आकडेवारीच येथील शैक्षणिक नियोजनाची अडचण स्पष्ट करते. कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्राची तुकडी चालविण्यासाठी पुरेशी विद्यार्थिसंख्या लागते. विरळ लोकवस्तीत ती मिळत नाही. तुकडी नाही म्हणून पूर्णवेळ पद नाही, पद नाही म्हणून तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि शिक्षक टिकत नाही म्हणून तुकडी नाही, असे हे दुष्टचक्र आहे. परिणामतः एटापल्ली वा सिरोंचाच्या आश्रमशाळेतून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला हा विषय हवा असल्यास अहेरी, गडचिरोली, ब्रह्मपुरी, बल्लारपूर किंवा चंद्रपूर अशा मोठ्या ठिकाणचा विचार करावा लागतो. निवास, वसतिगृह व शुल्क यांचे प्रश्न मग विषयाच्या आवडीपेक्षा मोठे होतात आणि मुलींच्या बाबतीत ते अधिकच निर्णायक ठरतात.

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. म्हणजे संगणकशास्त्र शिकावयाचे की नाही, हा प्रश्न निर्माण होण्यापूर्वीच विद्यार्थ्याला संगणकाच्या माध्यमातून प्रवेशाचा अर्ज भरावा लागतो. संगणकीय व्यवस्थेचा वापर सर्वांना अनिवार्य व तिचे शास्त्र मात्र मोजक्यांना उपलब्ध, अशी ही विसंगती आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातील वीज राज्यभर जाते व शेजारच्या जंगलातील गावे अंधारात राहिल्याचा इतिहास जुना आहे. ज्ञानाच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती होऊ नये.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अभ्यासक्रमाचे नूतनीकरण म्हणजे जुने सरसकट काढून नवे भरणे नव्हे. ८०८५ सारखे लहान व पूर्णतः आकलनीय यंत्र राखावे. टर्बो सी++ सारखे अप्रमाणित साधन तातडीने दूर करावे व त्या जागी पायथन वा प्रमाणित सी++ आणावी. दुसरा असा की, संगणकशास्त्र घेणाऱ्यास मराठी सोडावी लागेल, ही रचनात्मक अट रद्द व्हावी आणि युनिकोड व भारतीय लिपींचे संगणकीय रूप हा अनिवार्य घटक व्हावा. तिसरा असा की, प्रात्यक्षिक परीक्षेत निम्मे प्रश्न अपरिचित असावेत व परिसरातील माहितीवर आधारित एक लहान प्रकल्प असावा. चौथा असा की, विरळ लोकवस्तीच्या तालुक्यांसाठी विद्यार्थिसंख्येची अट शिथिल करून दोन-तीन कनिष्ठ महाविद्यालयांमागे एक पूर्णवेळ संगणकशास्त्र शिक्षक देण्याची व्यवस्था करावी.

यांतील पहिल्या तीन सूचनांना फारसा खर्च लागत नाही. चौथीला लागतो आणि म्हणूनच ती मागे पडण्याचा संभव अधिक आहे. परंतु शिक्षक नसेल तर उर्वरित तिन्ही सूचना कागदावरच राहतील. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हेच दोन जिल्हे येतात आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात याच बारावीचे विद्यार्थी दाखल होतात. त्यांच्या मूलभूत तयारीविषयी पदवी स्तरावरील प्राध्यापक दरवर्षी जी तक्रार करतात, तिचे मूळ विद्यार्थ्याच्या कुवतीत नसून वर विवेचन केलेल्या रचनेत आहे. म्हणून कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांनी एकत्र बसून या प्रदेशाची उदाहरणे, या प्रदेशाची परिभाषा व या प्रदेशाला परवडणारी प्रात्यक्षिके सिद्ध करणे हे काम मंडळाच्या पुढील परिपत्रकाची वाट न पाहता आरंभ करता येण्याजोगे आहे.